तक्रारीचा रकाना

थोरला गेला तेव्हा एकोणपन्नासचा होता.
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास रिचवून आला,
मिशीवरचा फेस पुसता पुसता
उंबऱ्यावर बसला
आणि तसाच बसून राहिला.
लोक म्हणाले, काय सुखाचं मरण.
मी बोललो नाही काही.
मी उद्यमनगरात लेथ चालवतो,
मशीन एका सकाळीत बंद पडत नाही.

यंदा मला सत्तेचाळिसावं लागलं.
म्हणून सोमवारच्या सुट्टीला
काहीही दुखत नसताना
डॉक्टर शोधायला निघालो.

राजारामपुरीत पाट्याच पाट्या:
हृदय, गुडघा, मूळव्याध, नाक-कान-घसा,
एका पाटीवर तर नुसतं ‘केस’.
सगळे बिघडल्यानंतरचे.
काउंटरवरच्या पोरीनं फॉर्म पुढं सरकवला:
नाव, वय, तक्रार.
म्हटलं, तक्रार नाही.
“मग आलाय कशाला, काका?
रकाना रिकामा ठेवला तर
कॉम्प्युटर पुढं जात नाही.”
शेवटी तिनंच ‘अशक्तपणा’ टाकलं
आणि आत सलाईनची तयारी सुरू झाली.
मी चपला घातल्या.

तालमीतले वस्ताद म्हणाले,
धडधाकट माणसानं दवाखान्याची पायरी चढू नये,
पायरीच रोग देते.
मेडिकलवाला खराडे म्हणाला,
सात हजारांत सगळी बॉडी तपासून मिळते,
दोघं आलात तर टी-शर्ट फ्री.
बायको काही म्हणाली नाही,
फक्त त्या रात्री तांबड्या रश्श्यावरचा कट
पळीनं बाजूला सारून वाढलं.

पत्ता मिळाला तो
ऑइलच्या ड्रमावर बसून चहा पिणाऱ्या टेम्पोवाल्याकडं:
“जवाहरनगरात, पिठाच्या गिरणीवर, एक बाई बसत्यात.
लई बोलत्यात. औषध देत न्हाईत.
म्हणून गर्दी नसती.”

डॉ. अस्मा शिकलगार.
आडनाव वाचूनच बरं वाटलं.
हत्यार बोथट होतंय म्हणताना नेतो आपण शिकलगाराकडं,
मोडल्यावर कोण नेतं?

जिना पिठानं पांढरा.
खाली गिरणी चालू, वर टेबल थरथरतंय,
बाई म्हणाल्या, बी.पी. दोनदा घेऊ,
एकदा आत्ता, एकदा गिरणी थांबल्यावर.
वडील कशानं गेले? कितव्या वर्षी?
धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी?
रात्री घोरता का, की हे घरी विचारायचं?
लेथवर कानात काय घालता?
मी हसलो. कापूस, म्हटलं. दिवाळीला, अत्तराचा.
मग शिंप्यासारखी टेप काढून
पोटाचा घेर मोजला
आणि आकडा मोठ्यानं वाचला नाही.

वाटलं होतं, रस्सा तोडणार.
म्हणाल्या, रस्सा असू दे रविवारी.
तुम्ही तंबाखूचं बोला,
ती रविवारीही सुट्टी घेत नाही.

मग फॉर्म. तोच रकाना.
मी पुन्हा म्हणालो, तक्रार काही नाही.
बाई पेन धरून थांबल्या.
खाली कुणाची तरी ज्वारी संपली, पट्टा थांबला,
आणि इतकं शांत झालं
की तोंडातून आपोआप निघालं,
“थोरला भाऊ.”
त्यांनी तेच लिहिलं.
सुधारलं नाही, काही विचारलं नाही,
फक्त दंडाला पट्टी गुंडाळली
दुसऱ्यांदा.

जिना उतरताना हातात औषधाचं नाव नव्हतं,
एक तारीख होती, सहा महिन्यांनंतरची.
ती मी वर्कशॉपच्या भिंतीवर खडूनं लिहिली,
कॉम्प्रेसरचं तेल बदलायच्या तारखेखाली.
पोरं विचारतात, मिस्त्री, हे कुठल्या मशीनचं?

वहिनीला अजून बोललो नाही.
तिला एकदा त्या जिन्यावर न्यायचं आहे.
ती म्हणणार, मला काय धाड भरलीय?
मी म्हणणार, चल,
हेच लिहू.